टिश्यू बँक वाढवायची आहे: आधी मोठा फ्रीझ ड्रायरच घ्यावा का?

घाटावरचा
ट्रस्टच्या रुग्णालयाला जोडलेली छोटी टिश्यू बँक (दान केलेली ऊतकं प्रक्रिया करून साठवणारी) आहे. खुब्याच्या सांधेरोपणात निघालेली २५ फेमोरल हेड (मांडीच्या हाडाचा गोल माथा) महिन्याला येतात, शिवाय सिझेरियनच्या वारेपासून थोडं अम्नियन (गर्भाभोवतीचं पातळ आवरण). हाड कापून ६० अंशांवर ३ तास पाश्चरायझेशन, धुणं, फ्रीझ ड्रायिंग (गोठवून निर्वातात सुकवणं), तिहेरी पॅकिंग, मग निर्जंतुक करायला २५ किलोग्रे गॅमा किरण. आणखी तीन रुग्णालयं जोडली की आवक ६० वर जाईल. मोठा ड्रायर घ्यायचा विचार आहे. गॅमानंतर हाडाच्या काही चिप्स पिवळ्या पडून वास येतो, तेही नीट सुकत नसल्यामुळेच असेल ना?

सूक्ष्मदर्शक
ड्रायर राहू द्या, आधी क्वारंटाइन (तपासणी पुरी होईपर्यंत हाड अडवून ठेवणं) बघा. दात्याचं रक्त १८० दिवसांनी पुन्हा तपासत असाल तर आजच १५० हेड फ्रीझरमध्ये अडकलेली असणार. आवक ६० झाली की ३६०. आणि खुब्याचा पेशंट चालायला लागला की सहा महिन्यांनी कशाला येतोय! दुसरा नमुना नाही, म्हणजे हाड बाद. दानाच्या वेळच्या रक्तावरच एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांची नॅट (विषाणूचं जनुकीय द्रव्य थेट शोधणारी चाचणी) करून घ्या. युरोपीय नियमांत नॅट केली असेल तर जिवंत दात्याची दुसरी तपासणी लागत नाही. बदल आधी एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहून मंजूर करून घ्या, मगच साठा सोडा.

हाडवैद्य
पिवळेपणा चरबीचा आहे, ओलाव्याचा नाही. मज्जेतली चरबी राहिली की गॅमाने तिचं ऑक्सिडीकरण होतं. डोस वाढवणं हा त्यावर उपाय नव्हे, त्याने कोलॅजन तुटून हाड ठिसूळ होतं. आधी लहान तुकडे करा, मग दाबाच्या पाण्याने धुवा, अख्खं हेड आतून कधीच साफ होत नाही. इथेनॉल वापरत असाल तर ते पूर्ण धुऊन काढा. ते ड्रायरमध्ये गोठत नाही, थेट पंपाच्या तेलात जातं आणि व्हॅक्यूम पडतो. ड्रायर लहान वाटण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

सूक्ष्मदर्शक
आणखी एक, हे बजेटमध्ये कोणी धरत नाही. २५ किलोग्रे डोस पुरेसा आहे हे व्हीडीमॅक्स या प्रमाणित पद्धतीने सिद्ध करायला तीन बॅचमधले प्रत्येकी १० नग बायोबर्डनला (नगावरचे जंतू मोजायला) आणि आणखी १० नग पडताळणीच्या कमी डोसला जातात. पुढे दर तिमाही ऑडिटला पुन्हा २० नग. हाड आणि अम्नियन ही वेगळी कुटुंबं (एकत्र तपासता येणाऱ्या उत्पादनांचे गट), म्हणजे ४०. म्हणून नवनवीन आकार काढताना ते आहे त्याच कुटुंबात बसतात का ते आधी तपासा. अम्नियनचा ठरावीक भागच नमुना म्हणून चालतो, फक्त बायोबर्डनचा हिशेब पूर्ण नगावर करा.

नियमावली
बिलावर ‘हाडाची किंमत’ लिहू नका. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतकंही आली, आणि त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. गोळा करणं, तपासणी, प्रक्रिया, साठवण यांचा खर्च शुल्क म्हणून लावा, त्याचा हिशेब फाइलला ठेवा. नव्या रुग्णालयांना ‘प्रति हेड’ रक्कम देऊ केली असेल तर ती आजच थांबवा. संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या संमतीपासून वेगळं असावं, आणि सही भूल देण्याआधी.