उत्तर: कोडी फक्त पेरूत नि इजिप्तमध्येच?

या चर्चेत नाझ्का रेषांवरून, म्हणजे पेरूच्या वाळवंटातल्या प्रचंड प्राचीन आकृत्यांवरून, बोलणं सुरू झालं आणि कुणीतरी विचारलं, आपल्याकडे असलं न उलगडलेलं काही नाही का? आम्हा सोलापूरकरांना हे कसं सहन व्हावं! विजापूर रोडने निघा आणि भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल गाठा. संगमेश्वराच्या देवळातला शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असतो. माझा मुद्दा शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराचा. 1999 मध्ये तिथल्या उत्खननात बहुमुखी शिवलिंग मिळालं. माणसाएवढ्या उंचीचा दगड आणि त्यावर ओळींनी कोरलेली 359 मुखं! जवळ जाऊन बघा, छिन्नी जरा घसरली असती तर शेजारचा चेहरा गेला असता, इतकी दाटी.

पण 359च का? लिंग स्वतः धरून 360, हा हिशोब सगळे सांगतात. मग वर्षाचे दिवस म्हणावेत, तर चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365चं. जुन्या ज्योतिषात 360 दिवसांचं सावन वर्ष मात्र आहे, त्यामुळे मला तोच धागा बरा वाटतो. अर्थात हा अंदाजच. परग्रहवासी कृपया इथे आणू नका.

लोणारची गोष्ट निराळी. 2020च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने हा रंग आणणारे, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव दाखवून दिले, विषय मिटला. कुडलच्या दगडाचा नमुना कुठल्या प्रयोगशाळेत पाठवणार?