परदेशी सिनेमाच्या तिकिटातून देशी सिनेमाला पैसा: योग्य की अयोग्य?

पडद्यामागचा
परदेशी सिनेमा लोक आवडीने बघतात, त्यात मला काही वावगं दिसत नाही. ज्याला जे बघायचं ते त्याने बघावं. प्रश्न असा आहे की त्या धबडग्यात आपल्या भाषेतला सिनेमा टिकवायचा, तर पैसा कुणी घालायचा?

माझं मत: सरकारी तिजोरीतून नको, तिकिटातून घ्यावा. फ्रान्समध्ये चित्रपटगृहाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर आहे. तो १९४६ साली स्थापन झालेल्या सीएनसी या सरकारी चित्रपट संस्थेकडे जातो. म्हणजे हॉलिवूडपट जितका धो धो चालेल तितका फ्रेंच सिनेमाचा निधी वाढतो! एखाद्या निर्मात्याचा सिनेमा किती चालला त्या प्रमाणात त्याच्या नावावर रक्कम जमा होते, पण ती पुढच्या सिनेमातच गुंतवावी लागते. नवख्यांसाठी १९५९ पासून वेगळी सोय आहे. त्यांना पटकथा वाचून उचल मिळते आणि सिनेमाने कमावलं तर ती फेडायची असते. यात प्रेक्षकाला कुणी अडवलेलं नाही.

रोखठोक
अडवलं नाही, पण खिसा कापलाच की. मी जो सिनेमा बघायचा नाही असं ठरवलं, त्याचे पैसे माझ्याकडून का?

आणि संरक्षण दिलं की काय होतं ते ब्रिटनने दाखवलंय. १९२७ च्या कायद्याने वितरकांना ठरावीक प्रमाणात ब्रिटिश सिनेमे घेणं भाग पाडलं. अमेरिकी कंपन्यांनी काय केलं? स्वस्तात, घाईघाईने काहीतरी उरकून घेतलं आणि कोटा भरला. त्या सिनेमांना 'कोटा क्विकी' हेच नाव पडलं. शेवटी १९३८ च्या कायद्यात किमान खर्चाची अट घालावी लागली.

पडद्यामागचा
रोखठोक, तुमचं उदाहरण कोट्याचं आहे. मी बोलतोय निधीबद्दल. दोन्हीची गल्लत नको. शिवाय त्याच क्विकींमध्ये मायकेल पॉवेलसारखा दिग्दर्शक घडला, हेही सांगा ना.

रोखठोक
बरं, मग निधीचंच घ्या. ब्रिटनमध्येच तिकिटावर 'ईडी लेव्ही' नावाची कर-आकारणी होती. १९५० मध्ये ऐच्छिक, १९५७ पासून सक्तीची. ब्रिटिश सिनेमाने जितका गल्ला जमवला त्या प्रमाणात त्याला वाटा. कागदावर तुमच्या योजनेची सख्खी बहीण. पण 'ब्रिटिश' कुणाला म्हणायचं याची व्याख्या इतकी सैल होती, की अमेरिकी स्टुडिओंनी तिथे उपकंपन्या काढल्या, तिथेच चित्रीकरण केलं आणि हा पैसाही उचलला. बाँडपट त्यातले. ज्यांच्यापासून वाचवायचं त्यांच्याच घरी रक्कम पोहोचती. १९८५ मध्ये गुंडाळली.

कोपऱ्यातली सीट
हा मुद्दा जोरदार आहे, पण तो व्याख्येविरुद्ध जातो, कराचं त्याने काहीच बिघडत नाही.

मला दक्षिण कोरिया आठवतो. १९८८ मध्ये अमेरिकी कंपन्यांना थेट वितरणाची मुभा मिळाली तेव्हा निषेध म्हणून चित्रपटगृहांत चक्क साप सोडले गेले होते. (प्रेक्षकांची काय चूक होती, देव जाणे.) चित्रपटगृहांना वर्षातले १४६ दिवस देशी सिनेमा दाखवावा लागे. अमेरिकेशी व्यापार करार व्हावा म्हणून २००६ मध्ये ते ७३ दिवसांवर आणले. पुढची दोन वर्षं घसरण झाली खरी, पण २०११ ते २०१९ सलग निम्म्याहून अधिक प्रेक्षक देशी सिनेमाला.

रोखठोक
धन्यवाद! कुबडी अर्धी कापली आणि तरी पळाला. माझंच म्हणणं.

कोपऱ्यातली सीट
घाई करू नका हो. २००७ मध्ये तिथे तिकिटावर ३ टक्के कर लावला आणि तो सरकारी चित्रपट मंडळाच्या निधीत जाऊ लागला. 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बोंग जून-हो ज्या चित्रपट अकादमीत शिकले ती १९८४ ची, त्या मंडळाचीच. कोटा घटला, पण सरकारचा हात सुटलेला नाही.

तिसरी घंटा
आणि हाच हात गळ्यावरही येतो. तिथल्या राष्ट्राध्यक्ष पाक ग्युन-हे यांच्या राजवटीत सरकारला नकोशा कलावंतांची हजारो नावांची काळी यादी होती. बोंग आणि दिग्दर्शक पाक चान-वूक दोघेही तिच्यात. मला 'माझा पैसा कुठे गेला' यापेक्षा 'समितीत कोण बसलंय' याची जास्त धास्ती वाटते. म्हणून गल्ल्यावर आपोआप मिळणारा वाटा मान्य, पटकथा निवडणारी समिती अमान्य.

पडद्यामागचा
समिती काढली तर पहिला सिनेमा करणाऱ्याने जायचं कुठे? त्याच्या नावावर मागचा गल्लाच नसतो. आपोआप वाटा म्हणजे ज्याचं आधीच चाललंय त्यालाच आणखी. समिती ठेवा, पण तिचे सदस्य ठरावीक मुदतीने बदला आणि निवडीची कारणं जाहीर करायला लावा.

रोखठोक, तुमच्या खुल्या बाजाराबद्दलही एक. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य चित्रीकरणाच्या खर्चावर ३० टक्क्यांपर्यंत करसवलत देतं. 'स्वतःच्या पायावर उभा' हॉलिवूडपटसुद्धा करदात्याच्या पैशावर बनतो. तिथे नाही का खिसा कापला जात?

रोखठोक
जातो, आणि तेही चूकच. दोन चुकांची बेरीज करून बरोबर उत्तर येत नाही.

तिसरी घंटा
पण तिकिटावर कर लावताय, लोक तर घरी बसून बघतायत.

पडद्यामागचा
त्याचीही तरतूद आहे. २०२१ च्या नियमाने वर्गणी घेऊन घरी सिनेमे दाखवणाऱ्या परदेशी ऑनलाइन कंपन्यांना फ्रान्समधल्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग युरोपीय आणि फ्रेंच निर्मितीत घालावा लागतो.

रोखठोक
मग त्या वर्गणी वाढवणार. म्हणजे पुन्हा मीच.

पडद्यामागचा
वर्गणी नियम नसलेल्या देशांतही वाढतेच आहे. निदान इथे त्यातलं काही परत मिळतं.