मदत हवी आहे: बॉस्टन ब्रुइन्सची पडझड एक वर्ष उशिरा का झाली?

नमस्कार मंडळी,

बर्फावरची हॉकी नियमित बघणारे इथे थोडेच असतील, पण बॉस्टनच्या आसपास आणि कॅनडात राहणारे काही सभासद नक्की आहेत. त्यांच्या भरवशावर विचारते आहे.

एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या, २०२२-२३ च्या हंगामात ब्रुइन्सने ८२ पैकी ६५ सामने जिंकून १३५ गुण मिळवले. एका हंगामात इतके विजय आणि इतके गुण आजवर कुठल्याच संघाला जमलेले नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात तोच संघ ३३ विजय आणि ७६ गुणांवर थांबला. अटलांटिक विभागात सगळ्यात खाली, आणि २०१६ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, बाहेर.

ऑफिसात कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं: बर्जरॉन आणि क्रेची निवृत्त झाले ना! मान्य. दोघे मुख्य सेंटर, म्हणजे आक्रमणात मधोमध खेळणारे, दोघेही २०२३ च्या उन्हाळ्यात थांबले. पण त्यांच्याशिवायच्या पहिल्या वर्षी संघाने १०९ गुण मिळवले आणि प्लेऑफमध्ये सातव्या सामन्यात टोरांटोला हरवलं. सेंटरची जागा तर तेव्हाही रिकामीच होती. मग घसरण २०२४-२५ मध्येच का?

माझा मुलगा सगळा दोष प्रशिक्षक बदलण्याला देतो. जिम माँटगमरींना नोव्हेंबरमध्ये, २० सामन्यांनंतर काढलं. त्याआधी दीडच वर्षापूर्वी त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला होता. मला हे कारण अपुरं वाटतं, कारण काढलं तेव्हा संघ आधीच ८ विजय, १२ पराभव अशा अवस्थेत होता.

आणि ७ मार्चला कर्णधार ब्रॅड मार्शांडला फ्लोरिडाला देऊन टाकलं. २०११ चा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकणाऱ्या संघातला तो इथे उरलेला शेवटचा खेळाडू. तोही त्याच फ्लोरिडाला, ज्यांनी २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं ब्रुइन्सना बाहेर काढलं! त्या संध्याकाळी आमच्याकडे जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं.

जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगावं. हे एका वाईट वर्षाचं दुखणं आहे की मुळातलं?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गोलजाळ्यासमोर आहे. बर्जरॉन-क्रेची गेल्यावर पडलेलं खिंडार पहिल्या वर्षी दोन गोलरक्षकांनी झाकलं. लायनस उलमार्क आणि जेरेमी स्वेमन आलटून पालटून खेळायचे, त्यामुळे दोघेही ताजेतवाने असायचे. उलमार्क तर २०२३ चा सर्वोत्तम गोलरक्षक. प्रत्येक विजयानंतर दोघांची ती मिठी आठवत असेल.

जून २०२४ मध्ये उलमार्कला ओटावाला दिलं. इकडे स्वेमनचा करार रखडला, आणि तो पूर्वतयारीच्या शिबिरात आलाच नाही. हंगाम दोन दिवसांवर आला तेव्हा ८ वर्षं, ६ कोटी ६० लाख डॉलरवर सही झाली. आदल्या वर्षी त्याने ९१.६ टक्के फटके अडवले होते, २०२४-२५ मध्ये ८९.२. हा फरक दिसायला बारीक आहे, पण रोज तीस फटके येत असतील तर तीन सामन्यांत दोन गोल जास्त बसतात, आणि एका गोलाने जिंकणाऱ्या संघाचं सगळं गणित तिथेच बिघडतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण एकट्या स्वेमनवर खापर फोडू नका. त्याच्यापुढची फळीच उरली नव्हती. हॅम्पस लिंडहोल्म नोव्हेंबरमध्ये गुडघ्याला मार बसून गेला तो परतलाच नाही. चार्ली मॅकअवॉय फेब्रुवारीत अमेरिकेकडून खेळताना खांदा दुखावून बाहेर. पहिल्या क्रमांकाचे दोन्ही डिफेन्समन (बचावपटू) नाहीत म्हटल्यावर काय होणार? त्यात पॉवरप्ले, म्हणजे समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचा खेळ, लीगमधल्या तळाच्या संघांत. आक्रमणात पास्टरनाकचे १०६ गुण (खेळाडूचे गुण म्हणजे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), आणि त्याच्यामागे गीकी ५७ वर. एकटा माणूस किती ओढणार!

मूळ दुखणं मात्र जुनं आहे. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, १३, १४, १५ अशा लागोपाठ तीन निवडी हातात होत्या. त्यांनी घेतलेल्या तिघांपैकी आज संघात एकही नाही. पुढच्याच तीन निवडींत इतर संघांकडे गेले बार्झल, कॉनर आणि शॅबो! नंतर कप जिंकायच्या ओढीने २०१८, २०२०, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीच्या निवडी इतर संघांना देऊन टाकल्या. तयार खेळाडू मिळाले, पण बर्जरॉनची जागा घेईल असा सेंटर घरात वाढलाच नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे दुखणं मुळातलंच, गोलरक्षकांमुळे वर्षभर दिसलं नाही, एवढंच. मुलाला वाचून दाखवलं. तो विचारतोय, पुढच्या हंगामात सुधारणा होते आहे हे कशावरून ओळखायचं?

प्रतिसाद २

त्याला सांगा, पहिले दोन महिने स्वेमन आणि लिंडहोल्म-मॅकअवॉयकडे बघ. स्वेमन शिबिरात पहिल्या दिवसापासून असेल आणि ते दोघे धडधाकट असतील, तर गोल खाणं कमी व्हायलाच हवं. सेंटरचा प्रश्न इतक्यात सुटणार नाही. २०२५ ची पहिल्या फेरीची निवड स्वतःकडे होती, आणि तळाला राहिल्यामुळे ती वरची होती.  माझ्या मते अशा निवडीत सेंटरच घ्यायला हवा.