विसरत नाही, विचारायचं कुणाला ते कळत नाही

पत्रकारावर हल्ला झाला की ‘लोक चार दिवस हळहळतात आणि विसरतात’ हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातली. इथेच ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. इथल्या प्रस्तावित तेल रिफायनरीसंबंधीची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. आजही महामार्गावरून जाताना एसटीत कुणीतरी हळूच विषय काढतं आणि मग सगळे गप्प होतात. हे गप्प होणं म्हणजे विसरणं नव्हे. उद्या साक्षीला बोलावलं तर, घरात एकट्या म्हाताऱ्या आईला कुणी येऊन दमात घेतलं तर, ही धास्ती असते ती. मुलं मुंबईला असली की ती जास्तच.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे. पण तुमच्याआमच्या उपयोगाचं वेगळंच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार कुठल्याही पोलीस ठाण्यात दखलपात्र (पोलीस थेट तपास करू शकतात असा) गुन्हा नोंदवता येतो, हद्द कुणाचीही असो. प्रत मोफत मिळते आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं.