पायथन प्रोग्राम अडकलाय, पण मारायचा नाहीये. आत काय चाललंय ते कसं बघू?

रात्रपाळी:
लिनक्सवर बायनरी फायली वाचून नोंदी डेटाबेसात टाकणारा प्रोग्राम आहे. सहा तास झाले, लॉगमध्ये नवी ओळ नाही. टॉपमध्ये (चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) मात्र सीपीयूचा एक कोर १०० टक्के. मागच्या वेळी असंच झालं तेव्हा वैतागून किल -९ (सक्तीने बंद) केलं आणि हाती काहीच लागलं नाही. आता मारला तर पुन्हा कधी अडकेल देव जाणे. आधीच प्रिंट पेरायला हवे होते, कबूल.

जुनी_खोड:
१०० टक्के म्हणजे तो खरंच फिरतोय. लॉकसाठी (दुसऱ्याच्या ताब्यातली गोष्ट सुटावी म्हणून) थांबला असता तर सीपीयू शून्याजवळ दिसला असता. पाय-स्पाय (चालू पायथन प्रोग्रामच्या आत डोकावणारं साधन) टाका आणि त्याच्या डम्प कमांडला तुमच्या प्रोसेसचा नंबर द्या. कोडला हात न लावता बाहेरून स्टॅक वाचतो, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलंय ती यादी. उबुंटूवर बहुधा सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागेल. एकाच डम्पवर विसंबू नका, पाच-पाच सेकंदांनी तीन घ्या. वरच्या फ्रेम (त्या यादीतल्या ओळी) बदलत असतील तर न बदलणाऱ्यांतली सगळ्यात वरची धरा, लूप बहुतेक तिथेच. लोकल्सचा पर्याय जोडलात तर व्हेरिएबल्सही दिसतील.

अर्धविराम:
जावा असतं तर किल -३ हा सिग्नल पुरला असता, थ्रेड डम्प (सगळ्या थ्रेडचे स्टॅक) छापून प्रोग्राम चालू राहतो. पायथनला ते पाठवू नका, मरेल. ३.३ पासून त्यात फॉल्टहँडलर (स्टॅक छापणारं मॉड्यूल) आहे. सुरुवातीलाच तो सिगयूएसआर१ या सिग्नलवर रजिस्टर करून ठेवायचा, म्हणजे तो सिग्नल पाठवला की स्टॅक छापला जातो. रजिस्टर न करता तो सिग्नल पाठवलात तर प्रोसेस जागीच आडवी. (मी केलीय. चालू सर्व्हरवर.)

रात्रपाळी:
सापडलं! तिन्ही डम्पमध्ये 'नोंद_वाचा', आणि लोकल्समध्ये तिन्ही वेळा हवे = ५१२, मिळाले = ३००. फाइल अर्धवट कॉपी झालेली. माझा लूप ५१२ बाइट भरेपर्यंत रीड करत राहतो, आणि फाइल संपली की रीड एरर देत नाही, गुपचूप रिकामं परत देतो. ३०० अधिक शून्य, सहा तास! आता रिकामं आलं की एरर फेकतो. फॉल्टहँडलरची ओळही टाकली.

जुनी_खोड:
एररमध्ये फाइलचं नाव आणि ऑफसेटही (फाइलमधली जागा) छापा. नाहीतर पुढच्या वेळी कुठली फाइल ते शोधत बसाल.