"आम्ही भर उन्हात खेळलो, आम्हाला काही झालं नाही" – बरं, मग?

अकोल्याची_सून
परवा इथे एका काकांनी लिहिलेलं वाचलं. थोडक्यात असं, की आजकालच्या आया मे महिन्यात पोरांना घराबाहेर सोडत नाहीत, आमच्या वेळी सकाळी बाहेर पडलेली पोरं दिवेलागणीला घरी यायची, कुणाला ऊन लागलं नाही, आणि एसी, मोबाईल अन समर कॅम्प या तिघांनी मिळून बालपण संपवलं. खाली "अगदी खरं", "गेले ते दिवस" अशी रांग. मला तिथेच लिहायचं होतं पण पोरगी कडेवर होती आणि एका हाताने टाईप केलं की माझ्याकडून शिव्याच जास्त जातात, म्हणून हा वेगळा धागा.

काका, मी अकोल्यात राहते. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. दुपारी बागेतल्या लोखंडी घसरगुंडीवर पोर बसवलं तर मांडीला फोड येतो, हे कविता म्हणून सांगत नाहीये, आमच्या शेजारणीच्या मुलाला आलाय. लहान पोराचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, घाम कमी येतो आणि खेळात असलं की तहान लागलीय हे त्याला कळतही नाही. आणि मी पोरांना बाहेर नेत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? सकाळी सहाला दोघांना घेऊन मी मैदानावर असते. आठला परत. मग संध्याकाळी साडेसहानंतर. झोपायला गच्ची, तीही आधी पाणी मारून.

मधले दहा तास घरात. टबमधे पाणी, पत्ते, सापशिडी, कैरीच्या फोडी, भांडण, पुन्हा टब, मग दोघं कूलरसमोर उघडी लोळतात. ते दहा तास कोण काढतं हे तुमच्या पोस्टमधे कुठे दिसलंच नाही. तुम्ही हुंदडत होतात तेव्हा घरात आई, काकू, आजी, सुट्टीला आलेली आत्या अशा चार बायका होत्या. त्या कुरडयांचा चीक शिजवत होत्या, त्यामुळे पोरं बाहेर गेली तर त्यांना बरंच होतं. इथे मी एकटी आहे आणि दुपारी दीडला माझी ऑफिसची मीटिंग असते. बालपण मी संपवलं म्हणे.

निवृत्त_निवांत
तो काका मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, आम्हाला उन्हाची आणि टीकेची दोन्ही सवय आहे.

मी अकोल्याबद्दल लिहिलंच नव्हतं. मी वाईजवळच्या एका गावात वाढलो. दुपारभर आमराईत असायचो, सावलीत. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. वाळवणाची राखण करायला गच्चीवर बसवायचे, कावळे हाकलायचे आणि अर्ध्या पापडाच्या लाट्या आम्हीच खायचो. माझा मुद्दा एवढाच की मुलांना थोडं ऊन, थोडी धूळ, थोडं खरचटणं मिळू दे. माझा नातू पुण्यात २४ वर लावलेल्या एसीत बसून "आबा बाहेर खूप हॉट आहे" म्हणतो. तेव्हा मार्च चालू होता. मार्च!

वीणा_दादर
काका आमराई कुठून आणू? आमच्या बिल्डिंगच्या आवारात गाड्या आहेत, जिथे गाड्या नाहीत तिथे "येथे खेळण्यास सक्त मनाई" अशी पाटी आहे, आणि पाटी लावणारे तुमच्याच वयाचे. हेच लोक गणपतीच्या मीटिंगमधे "हल्लीची मुलं मैदानी खेळ खेळत नाहीत" असं भाषण देतात. एकदा पोरांनी पाटीलाच स्टंप केलं तर आम्हाला नोटीस आली.

आणि मुंबईत ३६ म्हणजे काही नाही असं कृपया कुणी म्हणू नका. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड कसं होणार. हवामान खातंसुद्धा किनाऱ्यावर ३७ लाच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, मैदानी भागात ४० ला. खारघरला एप्रिल २०२३ मधे भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर १४ माणसं गेली, ती मोठी माणसं होती.

माणदेशी_माणूस
काकांचं ते विहिरीचं वाचलं. माझा चुलतभाऊ नऊ वर्षांचा असताना अशाच मे महिन्यात विहिरीत गेला. डबा बांधलेला होता, दोरी सुटली. आमच्या गावातले म्हातारे पण सगळे "आम्ही असेच शिकलो, काही झालं नाही" म्हणतात. ज्यांना झालं ते इथे कमेंट करायला येत नाहीत.

निवृत्त_निवांत
वाईट वाटलं वाचून, मनापासून. पण एका अपघातावरून सगळ्या गावाने पोहणं सोडायचं का?

माणदेशी_माणूस
मी कुठे सोडा म्हटलं? कुणी मोठं माणूस काठावर असावं एवढंच. तुम्ही पोस्टमधे लिहिलंय "आमच्या मागे कुणी फिरत नसे" आणि ते अभिमानाने लिहिलंय.

पप्पू_वायरमन_नागपूर
ताई तुमचं बाकी सगळं बरोबर आहे. पण एक लाईन वाचून माझं डोकं तिथंच अडकलं. "दोघं कूलरसमोर उघडी लोळतात." त्याआधी टबमधे. म्हणजे ओली पोट्टी आणि कूलर. कूलर लोखंडी आहे का? अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी तार, चेक केली का?

अकोल्याची_सून
दादा, विषय काय चाललाय. लोखंडीच आहे, विदर्भात सगळ्यांकडे असतो तसा.

वीणा_दादर
आला हा माणूस. 😂 गेल्या वेळी दिवाळीच्या कंदिलाच्या धाग्यावर पण अर्थिंग.

पप्पू_वायरमन_नागपूर
हसा. कंदिलाच्या धाग्यावर पण मी बरोबरच होतो.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे पेपरात येतेच, कूलरचा शॉक लागून लेकरू गेलं म्हणून. प्रकार एकच असते. पाण्यात बुडवलेला छोटा पंप, पाणी कमी झालं की कोरडा चालून चालून त्याचं इन्सुलेशन जाते, करंट पाण्यात अन पाण्यातून बॉडीला. घरात थ्री पिन प्लग आहे म्हणून लोक निवांत, अन बोर्ड उघडून पाहा तर अर्थची तार मागे कुठेच जोडलेली नसते, नुसती लोंबते. दिसायला तीन पिना, कामाच्या दोन. मागच्या वर्षी एका घरी गेलो, पोट्टं न्हाऊन ओल्या अंगाने आलं अन जाळीला हात लावला. पायात रबरी चप्पल होती म्हणून झटक्यावर निभावलं. बाप मला सांगून राहिला, एमसीबी तर पडला नाही बाप्पा. अरे एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा बोर्डावरचा खटका, माणसासाठी नसतो, वायरसाठी असतो! माणसासाठी आरसीसीबी लागते, करंट गळला की लगेच वीज तोडणारी, ३० मिलिअँपिअरवाली, तिच्यावर टेस्टचं बटण असते, महिन्यातून एकदा दाबून पाहा लागते. किती घरात आहे सांगा?

शारजा_वाली_आई
मूळ विषयावर लिहू का कुणाची हरकत नसेल तर? इथे यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे, मोठ्या कामगारांना. त्यामुळे दुपारी पोर बाहेर न नेणं म्हणजे लाड, असं इथे कुणी म्हणत नाही. आमची मुलं रात्री साडेआठला पार्कमधे जातात, दहाला परत. भारतात हे सांगितलं की सासूबाई फोनवर "एवढ्या रात्री?" म्हणतात. आणि अजून एक, दोन मिनिटांसाठीसुद्धा मूल गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. बंद गाडीत दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढतं, काच थोडी उघडी ठेवून काही फरक पडत नाही.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडे तर ५६ झालं होतं ना २०२४ ला, तुमच्या शारजापेक्षा जास्त. 😎

पप्पू_वायरमन_नागपूर
५६ नव्हतं राजा. ३० मे ला रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक स्टेशनने दाखवलं, नंतर हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडलेला होता. तिथं पण वायरिंगच पाहा लागत होती.

सातभाई_आजी
एवढं इंग्रजी कशाला. लहान बाळांना उन्हाळ्यात दर तासाला चमच्याने पाणी पाजावं, आम्ही चार महिन्यांच्या बाळांनाही पाजलंय, गूळ घालून. बाहेर जाताना खिशात कांदा.

शारजा_वाली_आई
आजी, कांदा ठेवा हवा तर. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी नाही, कितीही ऊन असलं तरी, आईचं दूधच जास्त वेळा द्यायचं. दुधात पाणी असतंच. वरचं पाणी पाजलं की पोट भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी कुठलं त्यावर जुलाब.

सातभाई_आजी
माझी पाच मुलं धडधाकट आहेत.

अकोल्याची_सून
आजींनाही काही झालं नाही! घ्या, काकांना जोडीदार मिळाला. आणि पप्पूदादा, तुमची कळकळ समजते पण धागा मुलांच्या बाहेर खेळण्याचा होता, त्याचं तुम्ही वायरिंग करून टाकलंत. आमच्या घरी हाच कूलर माझं लग्न व्हायच्या आधीपासून आहे, सासऱ्यांनी बनवून घेतलेला, दरवर्षी ताट्या बदलतो, आजवर कधी काही झालं नाही.

निवृत्त_निवांत
काय म्हणालात? पुन्हा एकदा म्हणा. "आजवर कधी काही झालं नाही"?

माणदेशी_माणूस
ओ माय गॉड.

निवृत्त_निवांत
नाही नाही, मी काही बोलत नाही. मी फक्त धाग्याचं शीर्षक वाचतोय. मोठ्याने.

अकोल्याची_सून
काका, कोटी जमली, टाळ्या. पण दोन्हीत फरक आहे. कूलर ही गरज आहे, ४५ मधे पोरं झोपणार कशी? तुम्ही विहीर आणि ऊन "संस्कार" म्हणून विकताय.

पप्पू_वायरमन_नागपूर
ताई, कूलर वापरू नका असं मी कुठं म्हटलं. मी पण कूलरमधेच झोपतो, कूलर नसता तर नागपूर कधीच रिकामं झालं असतं. करंटला गरज अन संस्कार समजत नाही एवढंच. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. जुन्या घरात बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडते, मग बंद करूनही आत करंट राहते. अन पोरं झोपतात ती गादी कूलरपासून हात पुरणार नाही इतकी लांब.

वीणा_दादर
आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून घासून कोरडी करा, डेंग्यूचे डास त्यातच होतात. अरे देवा, मीपण आता कूलरवर लिहायला लागले. माझ्याकडे कूलर नाहीये, मुंबईत चालतही नाही तो, दमट हवेत नुसती ओली चादर होते.

नागपुरी_संत्रं
वायरमनभाऊंचं दुकान आहे का आरसीसीबीचं? विचारतोय फक्त.

पप्पू_वायरमन_नागपूर
दुकान नाही. अन असतं तरी तुला फुकट दिली असती, भाषा पाहून वाटते तुझ्या घरात आधीच एखादा झटका लागून गेला आहे.

नागपुरी_संत्रं
वैयक्तिक होऊ नका. उगाच लोकांना घाबरवून पैसे काढायचे धंदे. आमच्या आईने आयुष्यभर ओल्या फडक्याने कूलर पुसला.

माणदेशी_माणूस
चालू कूलर? ओल्या फडक्याने? आणि तो पप्पूला शिव्या देतोय.

निवृत्त_निवांत
आता मूळ प्रश्नावर. मी दुपारी बारा ते चार म्हटलं नव्हतं हे खरं तर मलाच लिहायला हवं होतं असं तुम्हा सगळ्यांचं म्हणणं दिसतंय. बरं, सकाळी सहा ते आठ मैदान हे मला मान्य आहे, फक्त ते करणाऱ्या आया किती? माझ्या सुनेचा दिवस साडेआठला उगवतो.

अकोल्याची_सून
तुमचा किती वाजता उगवतो काका?

निवृत्त_निवांत
पाचला. का?

वीणा_दादर
😂😂😂

अकोल्याची_सून
मग सहाला नातवाला मैदानावर कोण नेऊ शकतं? सुनेने रात्री अकरापर्यंत काम करायचं, सकाळी उठून पोराला "थोडी धूळ, थोडं खरचटणं" द्यायचं, आणि पाचला उठलेले आबा पोस्ट लिहिणार. निवृत्त आहात, निवांत आहात, नावातच लिहिलंय. आमराई नसेल पण जवळपास एखादी टेकडी असेल.

निवृत्त_निवांत
गुडघा दुखतो माझा.

सातभाई_आजी
एरंडाचं पान गरम करून बांधा. मी अजून नातवाला शाळेच्या मैदानावर नेते, चौऱ्याहत्तर चालू आहे.

निवृत्त_निवांत
आजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात? ठीक आहे, उद्या नेतो. पण त्याच्या आईने रात्री नऊला झोपवलं पाहिजे, नाहीतर सहाला तो उठणार नाही आणि परत दोष आबांना.

शारजा_वाली_आई
बघा, अटी सुरू झाल्या.

अकोल्याची_सून
पप्पूदादा, हे शेवटचं आणि यावर चर्चा नको. नवऱ्याने आत्ता बोर्ड उघडला. हिरवी तार आहे. कुठेच जोडलेली नाही. कुणी "सांगितलं होतं ना" म्हटलं तर ब्लॉक करीन.

पप्पू_वायरमन_नागपूर
नाही म्हणत. पण नवऱ्याने मेन बंद करून उघडला ना? त्याला आधी विचारा. अन घराला अर्थिंगचा खड्डा आहे का ते पाहा, नसेल तर ती तार जोडायची कशाला? नळाच्या पाईपला जोडू देऊ नका कोणाला, तो जुगाड लय करतात तुमच्याकडे. बोर्डाचा फोटो टाका.

वीणा_दादर
धाग्याचं नाव बदला कुणीतरी.