बाहेरच्यांनी उभं केलेलं सैन्य टिकतं का?

रातकिडा
15 ऑगस्ट 2021 ला काबूल पडलं तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. अमेरिकेने अफगाण सैन्य-पोलिसांवर 80 अब्ज डॉलरच्या वर ओतले आणि सगळं काही आठवड्यांत कोसळलं. लोक म्हणतात अफगाण पळपुटे, मला हे ऐकून राग येतो, हजारो पोरं मेली त्यांची आधीच्या वर्षांत. चौकीवर बसलेल्या शिपायाला महिनोनमहिने पगार नाही, जेवण नाही, गोळ्या संपल्यात, विमानं दुरुस्त करणारे परदेशी ठेकेदार सामान बांधून निघालेत, मग त्याने लढायचं कुणाच्या भरवशावर? आणि सुरुवातच बघा, 2002 ला मदत करणाऱ्या देशांनी कामं वाटून घेतली, पोलीस जर्मनीकडे, सैन्य अमेरिकेकडे, न्यायव्यवस्था इटलीकडे. जर्मनांनी अधिकाऱ्यांना 3 वर्षांचा कोर्स लावला, अमेरिकेने नंतर शिपाई 8 आठवड्यांत तयार करायला घेतले. पोलिसाने पकडलेल्या माणसाचं पुढे कोर्टात काय होणार हे बघणारा देश तिसराच. माझं मत, दुसऱ्याच्या देशाची दलं बाहेरून घडवता येत नाहीत, हा नाद सोडावा.

साधीबाई
एका अफगाणिस्तानावरून सगळ्यांना एका मापाने मोजू नका. पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन बघा. तिथे यादवी युद्धात सैनिकांना लोक 'सोबेल' म्हणायचे, म्हणजे दिवसा सोल्जर आणि रात्री रेबेल, कुंपणच शेत खात होतं. ब्रिटिशांची ट्रेनिंग टीम तिथे 2013 पर्यंत राहिली, पोलीसप्रमुख म्हणून काही वर्षं एक निवृत्त ब्रिटिश अधिकारी होता, बलात्कार आणि घरातल्या मारहाणीच्या तक्रारींसाठी पोलिसांत वेगळा विभाग निघाला. 2007 ला विरोधी पक्ष निवडणूक जिंकला आणि सैन्य बराकीतच राहिलं. ज्या देशात लोक गणवेश बघून पळायचे तिथे हे झालं, याला काहीच किंमत नाही का?

रातकिडा
किंमत आहे ना. पण 26 नोव्हेंबर 2023 ला त्याच सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनमध्ये, बराकीच्या शस्त्रागारावर हल्ला झाला, तुरुंग फोडून कैदी बाहेर काढले, आणि अटक झालेल्यांत बरेच सैन्यातलेच होते.

साधीबाई
आणि ते बंड मोडलंही सैन्यानेच, ते पण सांगा.

खडूफळा
दोघंही ट्रेनिंगवरच भांडताय, खरी गोम पगारात आहे. काँगोमध्ये पगाराची रोकड राजधानी किन्शासाहून निघायची आणि जनरल, कर्नल, मेजर अशी हातोहात खाली यायची, शिपायापर्यंत पोचेपर्यंत पाकीट रिकामं, मग तो गावात शिरून कोंबडी उचलणार, रस्त्यावर दोरी बांधून पैसे मागणार. युरोपियन युनियनच्या मिशनने 2005 पासून एकच चिवट काम धरलं, पगार वाटणारे वेगळे आणि हुकूम देणारे वेगळे. डोकी मोजली, ओळखपत्रं दिली, तेव्हा कळलं की कागदावरचे कितीतरी सैनिक मुळात नव्हतेच. याचे फोटो कुणी छापत नाही, पण बंदुका वाटण्यापेक्षा हे शंभरपट मोलाचं.

साधीबाई
अगदी! शेजारच्या लायबेरियात पण असंच, यादवी युद्धानंतर उभ्या केलेल्या नवीन सैन्यात घ्यायच्या उमेदवारांचे फोटो आणि नावं लोकांपुढे ठेवली, याने युद्धात आमच्यावर अत्याचार केला असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने येऊन सांगावं. ज्या बाईचं घर जाळलं तिला विचारलं जातंय, हे मला फार मोठं वाटतं.

रातकिडा
फोटोंचं मनापासून पटलं. पण त्याच नव्या सैन्याने ऑगस्ट 2014 मध्ये इबोलाच्या वेळी राजधानी मोन्रोव्हियाच्या वेस्ट पॉइंट वस्तीला वेढा घातला, गोळ्या चालल्या आणि एक पोरगा गेला. माणसं पारखून घेतली होती तरी झालं, मला वाटतं वस्तीत कोंडलेल्या लोकांसमोर कसं उभं राहायचं हे त्यांना कुणी नीट शिकवलं नव्हतं. आणि खडूफळा, पगार सुधारला म्हणता तर जानेवारी 2025 मध्ये पूर्व काँगोतलं गोमा शहर एम23 या बंडखोर गटाने घेतलं तेव्हा काँगोचं सैन्य का नाही टिकलं?

खडूफळा
पाठीशी रवांडा असलेल्या फौजेपुढे नुसत्या पगारपत्रकाने शहर वाचत नाही, असा माझा दावाच नव्हता. आणि पगार हाती मिळायला लागला तरी रकमा इतक्या तुटपुंज्या की त्यात कुटुंब चालत नाही, त्या वाढवणं काँगोच्या सरकारच्याच हातात होतं, ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या, नाही. बाहेरच्यांनी हिशोबाची वही घालून दिली, त्यात पैसा कुणी भरायचा हे त्या देशातल्यांनीच ठरवायचं. म्हणून काम बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, शिपायाची ती कोंबडी मला विसरता येत नाही.